पाखरासाठी साखरेचं पाणी

एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. उकळायचं, साखर विरघळली की उतरवायचं, गार झालं की ओतायचं. रंग घालायचा नाही, मध घालायचा नाही. एवढंच असतं ते. माझ्या मुलीने इंटरनेटवर बघून मला फोनवर सांगितलं आणि मी ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं. तरी पहिल्या खेपेला चुकलंच.

चुकलं कारण साखर आणि पाणी विस्तवावर एकत्र आलं की माझ्या हाताला एकच गोष्ट ठाऊक आहे. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि साताऱ्यात एका मिठाईवाल्याच्या भट्टीपाशी माझी काही वर्षं गेली. पाक बघायचा, हेच काम. दोन बोटांत धरून तार बघायची, एक की दोन. पुढे मुंबईला गेलो, तिथून इकडे लंडनला आलो, रबराचे वायसर काढणाऱ्या फॅक्टरीत जन्म काढला, पण हात विसरला नाही. त्या दिवशी गॅसपाशी उभा राहिलो तो उभाच राहिलो. बोटाला लावून बघितलं तर एकतारी झालेला. चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू. गुलाबजाम सोडले असते तर आतपर्यंत मुरले असते. सवयीने दोन वेलदोडेही कुटून टाकले होते.

तो पाक बागेत टांगला. दुपारपर्यंत त्यात तीन गांधीलमाश्या अडकून मेल्या.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसायला लागली.

“बाबा, नेक्टर पाहिजे. पातळ. तुम्ही जॅम केला.”

“जॅम नाही, पाक केला.”

“हमिंगबर्डला पाक नाही लागतो.”

“लागत नाही,” मी म्हटलं. “नाही लागतो असं नसतं.”

“ओके, लागत नाही. आणि बाबा, इंग्लंडमध्ये हमिंगबर्ड नसतात. हे तुम्हाला माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“मग?”

“साखर माझी आहे,” मी म्हटलं.

मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली, बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या एका कंपनीत आहे, एकटी राहते. दर शनिवारी गाडी घेऊन हॅरोला माझ्याकडे येते, दोन भाज्या करून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते आणि रविवारी जेवून जाते. तिच्या मराठीत पाणी तो असतो आणि चहा ती असते. तिला वाटलं, म्हाताऱ्याने मन रमवायला काहीतरी काढलंय. आईच्या आठवणीसाठी चाललंय, असंही तिला वाटलं असेल, कारण आईचा हमिंगबर्ड ही गोष्ट तिला माहीत होती. म्हणून तिने जास्त विचारलं नाही. मी जास्त सांगितलं नाही.

आता सांगतो.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझी बायको आजारी होती. आजारी म्हणजे बरं न होणारी आजारी. पोटात गाठ होती, ती पसरली. हॉस्पिटलने सांगितलं की आता घरी न्या. मागच्या खोलीत त्यांनी वरखाली होणारा पलंग आणून बसवला. त्या खोलीला काचेचं दार आहे, बागेत उघडणारं. बाग कसली, चार पावलांचं गवत आणि शेजारच्या बाईची आणि आमची मिळून एक विटांची भिंत. भिंतीच्या फटीतून एक झुडूप आपलं आपण उगवतं, गुलाबी-लाल फुलांचे झुपके येतात. कुणी लावलं नाही. मी दोनदा उपटायला निघालो होतो, हिने उपटू दिलं नाही. “तुमचं काय खातंय?” म्हणाली.

तर ही त्या पलंगावर पडून बाहेर बघत असायची. दुसरं बघायला होतं काय. टीव्हीचा आवाज सोसत नव्हता.

एका दुपारी मला हाक मारली.

“अहो, या इकडं. पाखरू आलंय बघा.”

मी भांडी घासत होतो. हात पुसत गेलो तोवर काही नव्हतं.

“गेलं,” ती म्हणाली. “फुलाला तोंड लावून हवेत उभं होतं. बसत नाही ते. नुसतं थरथरत राहतं.”

“कसलं पाखरू?”

“एवढंसं.” तिने अंगठ्याचं पेर दाखवलं.

आमच्याकडे जास्वंदीवर एक लहान काळंनिळं, बाकदार चोचीचं असतं, मधाला येतं. मी म्हटलं, तसलं का? ती म्हणाली तसलंच, पण तसलंही नाही. मी म्हटलं, तसली पाखरं या थंड मुलखात नसतात, तू झोप.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. मी गेलो, काही नाही. मग पुन्हा. चौथ्या वेळी मी वैतागलो. रात्रंदिवस तिचं सगळं मीच बघत होतो, अंग मोडून आलं होतं. मी म्हटलं, “तुला औषधाने दिसायला लागलंय काहीतरी.”

“मला औषधाने दिसत नाही,” ती म्हणाली. “डोळ्याने दिसतं. तुम्हाला नाकावरचा चष्मा सापडत नाही, पाखरू कुठनं दिसणार.”

मी हसलो नाही. आता वाटतं हसायला काय हरकत होती.

औषध म्हणजे मॉर्फीन. पातळ असतं, पिचकारीने मोजून तोंडात सोडायचं. रोज सकाळी डिस्ट्रिक्ट नर्स यायची, चांगली बाई होती, बूट दारात काढायची न सांगता. ती रोज ठरलेले प्रश्न विचारायची. शौचाला झाली का, उलटी झाली का, झोप लागली का. हिचं इंग्रजी दुकानापुरतं, दुखण्यात तेही गेलं. माझं फॅक्टरीतलं. शनिवारी-रविवारी मुलगी असायची तेव्हा ती नीट सांगायची, इतर दिवशी मी.

एक दिवस नर्सने विचारलं की हिला नसलेल्या गोष्टी दिसतात का. माणसं, किडे, असं काही. ती ते रोजच विचारत असेल, मला त्या दिवशी ऐकू आलं. मी म्हटलं, येस. बर्ड. स्मॉल बर्ड. फ्लॉवर ड्रिंकिंग. आय लुक, नो बर्ड.

नर्स म्हणाली, हमिंगबर्डसारखा?

टीव्हीवर मी बघितला होता तो. मी म्हटलं, येस येस, हमिंगबर्ड.

ही पलंगावरून आमच्याकडे बघत होती. शब्द कळले नसतील, पण आपल्याबद्दल चाललंय हे माणसाला कळतं.

नर्सने लिहून घेतलं. दुपारी डॉक्टरचा फोन आला. त्याने मलाच पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं, हमिंगबर्ड, रोज येतो, मला दिसत नाही. तो म्हणाला की या औषधाने असं होतं कधीकधी, आपण जरा कमी करून बघू. डॉक्टरची चूक मी म्हणणार नाही. त्याच्याकडे माझ्या तोंडाशिवाय दुसरं काही नव्हतं. इंग्लंडमध्ये हमिंगबर्ड बघणाऱ्या बाईला कुठलाही डॉक्टर हेच म्हणेल.

औषध कमी केलं आणि दुखणं वर आलं.

त्यावर मी फार लिहिणार नाही. पलंगाला दोन्हीकडून लोखंडी कठडा होता, तो धरून असायची. बोटांच्या सांध्यांवर पांढरं पडायचं. ओरडणारी बाई ती नव्हती. नर्सने बघितलं, डॉक्टरला सांगितलं, दुसरं औषध जोडून बघितलं, त्याने उलट्या झाल्या. असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी पहिल्यासारखं केलं.

तिने मला मधेच विचारलं होतं, “औषध का कमी केलं?”

मी म्हटलं, “डॉक्टरने केलं.”

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

त्या दहा-बारा दिवसांत मुलगी कामासाठी परदेशी गेली होती. ती परत आली तोवर सगळं पूर्ववत झालं होतं. मी तिला एवढंच सांगितलं की आईला औषधाने भास होत होते, डॉक्टरने डोस बदलून बघितला. तिने आईचा हात हातात घेऊन विचारलं, “आई, तो बर्ड अजून दिसतो?”

ही म्हणाली, “नाही.” आणि माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर तिने पाखराचं नाव काढलं नाही. काचेकडे तोंड करून पडायची, बघत असायची, बोलायची नाही. मी एकदा विचारलं, काय बघतेस? म्हणाली, “काही नाही. भिंत.” सप्टेंबर उजाडायच्या आत गेली.

माणूस गेल्यावर लोक येतात, कार्ड पाठवतात, डब्यातून जेवण आणतात. महाराष्ट्र मंडळातली माणसं आली, म्हणाली, सुटल्या बिचाऱ्या. मी मान हलवली. मग सगळे आपापल्या कामाला लागले, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पलंग न्यायला दोन माणसं आली. पलंग गेला, खोली मोठी दिसायला लागली. मी हिवाळाभर त्या खोलीत गेलो नाही. आत जाऊन करू काय.

हिवाळ्यात एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. पाखरू होतं की नव्हतं. नसेल, तर मी जे सांगितलं ते बरोबर सांगितलं, औषधाने तिला भास होत होते, डॉक्टरने कमी केलं ते योग्य केलं, आणि ते नऊ दिवस कुणाच्या अंगावर येत नाहीत. असेल तर येतात. असेल तर ते माझ्या अंगावर येतात.

म्हणून मी साखरेचं पाणी करायला घेतलं. खरं असेल तर पुन्हा येईल, आणि येत नसेल तर मी सुटलो. पक्ष्याला काय आवडतं ते मुलीला विचारलं, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. हे तिला सांगितलं असतं तर तिने बाकीचंही विचारलं असतं.

आता माझं मन कुठल्या बाजूला होतं ते खरं सांगतो. रोज सकाळी मी पाणी बदलायचो आणि रोज संध्याकाळी काही आलं नाही बघून मला बरं वाटायचं. आमिष लावायचं आणि मासा येऊ नये म्हणायचं, असलं काम होतं ते.

पण काम मी मन लावून केलं. अर्धवट करून ‘आलं नाही’ म्हणणं म्हणजे पुन्हा तेच, न बघता सांगणं. लाल रंगावर येतात असं मुलीने वाचलं होतं. शेजारची बाई पांचट दूध पिते, त्याच्या बाटलीला लाल झाकण असतं, आमच्या दुधाला निळं. तिच्याकडून झाकणं मागून घेतली. ती म्हणाली, काय करताय? मी म्हटलं, पक्ष्यांसाठी. तिने पिशवीभर साठवून दिली. औषध पाजायचे प्लॅस्टिकचे छोटे पेले घरात उरले होते. त्यात पाणी, वर लाल झाकण, झाकणाला तापल्या सुईने भोक, आणि तारेने काठीला बांधून झुडपाशेजारी. फॅक्टरीत मी याहून अवघड कामं केली आहेत. तारेवरून मुंग्या यायला लागल्या तर तारेला व्हॅसलीन फासलं. उन्हाने पाणी दोन दिवसांत पांढुरकं व्हायचं, बुळबुळीत लागायचं, ते फेकून पेले गरम पाण्याने धुवायचे. गांधीलमाश्या यायच्याच. त्यांना वेगळी एक बशी ठेवली लांब कोपऱ्यात, त्यात माझा तो एकतारी पाक. तो त्यांना आवडला.

पाक पातळ करायला मला चार खेपा लागल्या. हात आपोआप गॅस वाढवायचा. शेवटी घड्याळ लावून उभा राहायला लागलो, वाजलं की बंद. साखरेचं नुसतं गोड पाणी करणं म्हणजे मला अर्ध्यावर सोडलेलं काम वाटायचं.

मे गेला, जून गेला. काही आलं नाही. जुलैत उकाडा सुरू झाला, इथे इतका उकाडा क्वचित होतो, गवत पिवळं पडलं. मी काचेचं दार उघडून आत खुर्ची टाकून बसायचो. ती जिथून बघायची तिथूनच बघायचं असं ठरवून पलंगाच्या जागी खुर्ची ठेवली होती. डुलकी लागायची. जाग आली की वाटायचं, आत्ताच येऊन गेलं असेल.

मुलगी शनिवारी यायची आणि पेले बघायची.

“बाबा, तो पाणी खराब झाला.”

“ते पाणी. खराब झालं.”

“ते. कोणी आली का?”

“कोण येणार. गांधीलमाश्या.”

“ॲटलीस्ट त्या तरी येतात,” ती म्हणायची आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून आत जायची. मी तिचा बाप आहे की ती माझी आई, असं व्हायचं.

ऑगस्टच्या एका शनिवारी दुपारी जेवून आम्ही दोघं त्या खोलीत बसलो होतो. ती मांडीवर लॅपटॉप घेऊन काहीतरी काम करत होती, मी खुर्चीत. ती एकदम हळू आवाजात म्हणाली, “बाबा. हलू नका.”

मी हललो नाही. “कुठे?”

“फुलावर. डावीकडे.”

मला आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं. झुपक्यासमोर हवेत काहीतरी उभं होतं. अंग उंदराच्या रंगाचं, अंगठ्याच्या पेराएवढं. पंख दिसत नव्हते, पंखांच्या जागी नुसती तांबूस धूसर थरथर. लांब सोंड काढून एका फुलात घालायचं, काढायचं, पुढच्या फुलात. शेपटाशी काळंपांढरं. दार उघडं होतं, बारीक घूंऽऽ ऐकू येत होतं. माझ्या पेल्यांकडे, लाल झाकणांकडे त्याने बघितलंही नाही.

मुलीने टेबलावरचा कॅमेरा उचलून दोन-तीन फोटो काढले. ते झुपक्याच्या मागे गेलं, भिंतीवरून पलीकडे गेलं. सगळं मिळून एक मिनिट झालं असेल.

“ओ माय गॉड,” ती म्हणाली. “आईचा बर्ड.”

मी भिंतीकडेच बघत होतो.

तिने कॅमेऱ्यात फोटो मोठा करून बघितला. मग लॅपटॉपवर काहीतरी शोधलं, वाचलं.

“बाबा, तो बर्ड नाही आहे. मॉथ आहे. याला अँटेना आहे बघा. हमिंगबर्ड हॉक-मॉथ म्हणतात. युरोपमधून उडत येतो, समर गरम असला की जास्त येतो. लोक नेहमी फसतात, त्यांना वाटतं हमिंगबर्डच आहे.” ती भराभर बोलत होती, खूश झाली होती. “म्हणजे आईला काहीतरी दिसत होता. फक्त तिला वाटला बर्ड. ती थोडीशी चुकली.”

मी ऐकत होतो.

“मॉथला मराठीत काय म्हणतात?”

“पाखरू,” मी म्हटलं.

“नाही, पाखरू म्हणजे बर्ड ना?”

“बर्डलाही म्हणतात. आमच्याकडे उडतं त्या सगळ्याला पाखरूच. दिव्यावर येतात ती पाखरंच. पुस्तकात पतंग म्हणत असतील.”

एवढं मी बोललो आणि थांबलो.

“मग आई काय म्हणत होती? पक्षी की पाखरू?”

“पाखरू,” मी म्हटलं. “पहिल्या दिवसापासून पाखरूच म्हणत होती.”

पक्षी हा शब्द तिच्या तोंडातून एकदाही आला नव्हता. बर्ड मी केला. हमिंगबर्ड नर्सने विचारलं आणि मी येस येस म्हटलं. तिने बघितलं ते बरोबर बघितलं, सांगितलं तेही बरोबर सांगितलं, अंगठ्याचं पेर दाखवून सांगितलं. हवेत उभं राहतं, बसत नाही, तसलं आहे आणि तसलं नाही. यात चुकीचं काय होतं? मी साठ-सत्तर वर्षं मराठी बोलणारा माणूस. माझ्या बायकोचा साधा शब्द मला दुसऱ्या भाषेत नीट नेता आला नाही.

मुलगी अजून हसत होती, पण माझ्याकडे बघून तिचं हसू गेलं. “बाबा, काय झालं?”

तेव्हा मी सांगितलं. डोस बदलून बघितला असं तुला म्हणालो होतो तो कसा बदलला ते. कुणी सांगितलं, काय शब्दांत सांगितलं. तू परदेशी होतीस. नऊ दिवस. कठडा. उलट्या. का कमी केलं म्हणून तिने विचारलं तर मी काय म्हटलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. एक वर्ष पोटात ठेवलेली गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात.

तिने लॅपटॉप मिटला.

“नऊ दिवस,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तुम्ही मला म्हणालात, डॉक्टरने केलं.”

“हो.”

“मला फोन का नाही केला? मी ट्रान्सलेट केला असता. हॉटेलमध्ये बसली होती मी संध्याकाळी, टीव्ही बघत. एक फोन.”

“मला वाटलं मला येतं सांगता,” मी म्हटलं. “आणि मी दमलो होतो.”

“दमलो होतो,” ती म्हणाली. माझी नक्कल केली नाही, नुसतं पुन्हा म्हटलं. मग विचारलं, “तिला माहीत होतं? बर्डमुळे औषध कमी झालं ते?”

“मी सांगितलं नाही. पण तिला कळलं असणार. पाखराचं नाव काढणं तिने सोडलं त्यानंतर. पुन्हा कमी करतील म्हणून.”

मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. धुतलेलीच भांडी ती पुन्हा धूत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो तर पाठमोरी राहूनच म्हणाली, “प्लीज. नका येऊ आत्ता.” मी मागच्या खोलीत येऊन बसलो. रविवारचं जेवण न करताच ती संध्याकाळी निघाली. जाताना दारात म्हणाली, “भाजी फ्रीजमध्ये आहे. दोन दिवसांत संपवा.” गाडीत बसली, बराच वेळ गाडी सुरू केली नाही. मग गेली.

मी भाजी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ली.

त्या आठवड्यात मी पाणी केलं नाही. करायचं कारण उरलं नव्हतं. पेले, तार, झाकणं, सगळं काढून बिनमध्ये टाकलं. पाखरू मात्र रोज यायला लागलं, किंवा रोज येतच असेल, आता मला कुठे बघायचं ते कळलं होतं. मंगळवारी दोनदा आलं. मी बघितलं, उठून आत आलो. कुणाला हाक मारून सांगायला घरात कुणी नव्हतं. आणि मला ते बघून आनंद व्हायला हवा होता असं कुणी म्हणत असेल, तर मला झाला नाही. तिचं खरं निघालं याचा झाला थोडा. बाकी नाही.

शनिवार आला, मुलगी आली नाही. फोनही नाही. मी केला नाही. करून काय बोलणार होतो. शेजारच्या बाईने विचारलं, लेक आली नाही वाटतं. मी म्हटलं, काम असेल. ती म्हणाली, तुमचे पक्षी कसे आहेत? मी म्हटलं, पक्षी नव्हताच तो. तिला भिंतीवरचं दाखवलं. ती म्हणाली, अरे हा होय, हा तर गेल्या वर्षीपण होता, मी कितीदा बघितला. मी म्हटलं, बरं.

भिंतीच्या पलीकडे होती ती बाई. मला विचारता आलं असतं गेल्या वर्षीच. मी विचारलं नाही.

बुधवारी संध्याकाळी फोन वाजला.

“बाबा.”

“हं.”

“जेवलात?”

“जेवलो.”

“काय?”

“भात. वरण.”

“भाजी?”

“नाही.”

मागे गाड्यांचा आवाज येत होता, ऑफिसातून निघाली असेल.

“मी अजून अँग्री आहे,” ती म्हणाली.

“राहा की,” मी म्हटलं. “मी कुठे नको म्हणतो.”

“मी विचार करत होती. मी पण सप्टेंबरपासून सगळ्यांना सांगत होती, आईला हमिंगबर्ड दिसायचा, हाउ क्यूट. ऑफिसमध्ये पण सांगितलं. फ्युनरलला पण सांगितलं मी. लोक हसले होते.”

“तुला मीच सांगितलं होतं तसं.”

“हो. तुम्हीच.” मग म्हणाली, “शनिवारी येते मी.”

“ये.”

मला वाटलं आता ठेवेल. तिने ठेवला नाही.

“ते नऊ दिवस,” ती म्हणाली. “मी नव्हती. मला काहीच माहीत नाही. आई काय बोलली, काय खाल्लं तिने, कोण आलं. मला सांगा. सगळं, पहिल्या दिवसापासून. मराठीत सांगा, नाही कळला तर मी विचारीन.”

मी म्हटलं, “ऐकवणार नाही तुला.”

“बाबा, सांगा.”

फोन आमच्याकडे जिन्याखाली असतो. मी पायरीवर बसलो. पहिल्या दिवशी सोमवार होता. नर्स गेल्यावर हिने पेज मागितली होती, तिथून सांगायला सुरुवात केली.